तीन मॉडेलं जोडताना प्रत्येक आकड्याचा मालक एकच हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऊर्जेच्या नियोजनासाठी आमच्याकडे तीन संगणकीय मॉडेलं आहेत. पहिलं दीर्घकालीन नियोजनाचं. पुढच्या तीस वर्षांत कुठली वीजकेंद्रं बांधावीत, उद्योगांनी आणि वाहनांनी कुठलं इंधन वापरावं हे ते कमीत कमी खर्चाच्या हिशोबाने ठरवतं, पण त्यात वर्षाचे फक्त १६ कालखंड आहेत. दुसरं वीजयंत्रणा तासागणिक चालवून बघतं. तिसरं सगळ्या अर्थव्यवस्थेचं आहे. तिन्ही मिळून एकच मोठं मॉडेल बांधावं, की वेगळी ठेवून जोडावीत? आणि जोडायची तर सुरुवात कुठून करावी?

वेगळी ठेवा आणि जोडा. एकच महामॉडेल बांधायचा मोह का आवरावा, हे साध्या गुणाकारात दिसतं. समजा यंत्रणेत २०० वीजसंच आहेत. प्रत्येक संच दर तासाला चालू की बंद, एवढाच निर्णय धरला तरी वर्षाच्या ८७६० तासांत १७ लाख ५२ हजार होय-नाही निर्णय होतात. तीस वर्षांचे सव्वापाच कोटींच्या वर. त्याखेरीज कुठलं केंद्र कधी बांधायचं, साठवण किती घ्यायची, लोकांचं उत्पन्न किती वाढणार हे सगळं उरतंच. संगणक वेगवान होताहेत हे खरं, पण गणित सुटावं म्हणून शेवटी तपशील छाटावा लागतो, आणि ज्यासाठी ते मॉडेल बांधलं होतं नेमका तोच तपशील आधी छाटला जातो. दुसरं कारण माणसांचं आहे. प्रत्येक मॉडेलमागे त्याच्या खोडी ओळखणारी दोन-तीन माणसं असतात. उत्तर विचित्र आलं की ती सांगतात, ‘हे खरं नाही, ही अमुक मर्यादेची करामत आहे.’ महामॉडेलच्या बाबतीत असं सांगू शकणारं माणूस सहसा सापडत नाही.

आता सुरुवात. पहिले दोन आठवडे एकही फाइल इकडून तिकडे पाठवू नका. त्याऐवजी एक कोष्टक करा. डाव्या बाजूला राशी: वीजमागणी, गॅसचा भाव, कार्बनचा दर (उत्सर्जनासाठी मोजावी लागणारी किंमत), प्रत्येक तंत्रज्ञानाची क्षमता, त्याचं तासागणिक उत्पादन, ऊर्जाक्षेत्रातली गुंतवणूक, एकूण राष्ट्रीय उत्पन्न. प्रत्येक राशीपुढे दोन रकाने: ही कोण ठरवणार, आणि ही कोण उसनी घेणार. पहिल्या रकान्यात एकच नाव हवं. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ सगळ्या फसलेल्या जोडण्यांमध्ये मूळ दुखणं हेच होतं: एकाच राशीवर दोन मॉडेलं मालकी सांगत होती आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

याचं सगळ्यात लपून बसणारं उदाहरण म्हणजे अर्थव्यवस्थेच्या मॉडेलमधलं वीजक्षेत्र. ते तिथे असतंच, कारण राष्ट्रीय लेख्यांमध्ये वीज हा एक उद्योग आहे. भांडवल, कामगार आणि इंधन यांच्या मिश्रणातून ते आपल्या पद्धतीने वीज तयार करत असतं, गरजेप्रमाणे इंधनाऐवजी भांडवल वापरत असतं. तिकडे नियोजनाचं मॉडेलही तीच वीज तयार करतं. दोन्ही तशीच चालू ठेवली, तर कार्बनचा दर वाढवल्यावर एकच बदल दोनदा घडतो: एकदा नियोजनाच्या मॉडेलमध्ये कोळसा जाऊन पवनऊर्जा येते, आणि पुन्हा अर्थव्यवस्थेच्या मॉडेलमध्ये वीजक्षेत्र इंधन सोडून भांडवलाकडे वळतं. उत्सर्जन वाजवीपेक्षा जास्त घटलेलं दिसतं आणि सगळे खूश होतात. उपाय असा की मालक नियोजनाचं मॉडेल ठरवायचं, आणि अर्थव्यवस्थेच्या मॉडेलमधल्या वीजक्षेत्राचा पर्याय निवडायचा अधिकार काढून घ्यायचा. त्याला फक्त इंधन, भांडवल आणि श्रम यांचं प्रमाण बाहेरून द्यायचं. हे काम किचकट आहे, अर्थतज्ज्ञांना ते आवडत नाही, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

जोडणीच्या दोन जाती तुमच्या कानावर आल्या असतील. क्लास-ओटो वेने यांनी १९९६ मध्ये हा फरक नीट मांडला: सॉफ्ट लिंकमध्ये काय पाठवायचं आणि ते कसं वाचायचं हे माणूस ठरवतो, हार्ड लिंकमध्ये ते सगळं प्रोग्रॅमच करतो. नवख्यांना हार्ड लिंक प्रगत वाटते. माझा सल्ला उलटा आहे. पहिल्या पाच-सहा फेऱ्या हातानेच करा. प्रत्येक आकडा डोळ्यांखालून जाऊ द्या. कुठला आकडा का हलला हे गटातल्या प्रत्येकाला सांगता येऊ लागलं की मगच ती पायरी प्रोग्रॅमच्या हवाली करा.

तिन्हींपैकी आधी नियोजन आणि तासागणिक मॉडेल जोडा. बहुतेकांना सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो.

तुमच्या १६ कालखंडांकडे बघा: चार ऋतू, आणि प्रत्येक ऋतूत रात्र, सकाळ, दुपार, संध्याकाळ. म्हणजे हिवाळ्यातल्या सगळ्या संध्याकाळी मिळून मॉडेलला एकच संध्याकाळ दिसते, आणि तिच्यातला वारा म्हणजे तीन महिन्यांची सरासरी. समजा ती क्षमतेच्या ३५ टक्के आहे. प्रत्यक्षात एका आठवड्यात पवनचक्क्या ८० टक्क्यांवर असतात आणि पुढचे पाच दिवस ५ टक्क्यांवर. सरासरी वारा कधी पडत नाही, म्हणून मॉडेलला राखीव केंद्रांची गरज भासत नाही. तो कधी सुसाटही सुटत नाही, म्हणून वीज वाया गेलेली दिसत नाही. आयर्लंडच्या वीजयंत्रणेवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्वच्छ दिसलं. टाइम्स या नियोजनाच्या मॉडेलने २०२० साठी सुचवलेली केंद्रं संशोधकांनी प्लेक्सॉस या वीजयंत्रणेच्या मॉडेलमध्ये चालवून पाहिली. संच चालू करायला लागणारा वेळ, किमान भार अशा तांत्रिक मर्यादा नसल्या, की नियोजनाचं मॉडेल वाया जाणारी पवनवीज कमी धरतं, सतत एका भारावर चालणाऱ्या केंद्रांचा वापर जास्त धरतं आणि लवचीक केंद्रांचं मोल कमी करतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इथवर जोडणी एकतर्फी आहे: नियोजनाने क्षमता दिली, तासागणिक मॉडेलने ती तपासली. खरा प्रश्न परत काय पाठवायचं हा आहे, आणि तिथेच बहुतेकजण चुकतात. एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी घेतलेले आहेत. नियोजनाने २०४० साठी १२ गिगावॅट पवनऊर्जा दिली. तासागणिक मॉडेलने सांगितलं की ११ टक्के पवनवीज वाया जाते आणि वर्षातले ४० तास पुरवठा कमी पडतो. नवा माणूस काय करतो? त्या ४० तासांची तूट काढतो, ती ८०० मेगावॅट भरते, आणि नियोजनाच्या मॉडेलमध्ये अट घालतो: किमान ८०० मेगावॅटच्या गॅस टर्बाइन घेतल्याच पाहिजेत.

पुढच्या फेरीत नियोजनाचं मॉडेल विचार करतं की टर्बाइन तर घ्यायच्याच आहेत, मग साठवण कशाला? बॅटऱ्या काढून टाकतं. किंवा पवनऊर्जा ९ गिगावॅटवर आणतं. आता ८०० हा आकडा कशाचंच उत्तर नाही. तो १२ गिगावॅटच्या यंत्रणेसाठी काढला होता आणि ती यंत्रणा आता अस्तित्वात नाही. तरी अट मात्र तशीच चिकटून राहते. शिवाय मालकीचा नियम मोडलाच: क्षमता ठरवायचा अधिकार नियोजनाचा होता, तो तासागणिक मॉडेलने बळकावला.

त्याऐवजी तासागणिक मॉडेल ८, १०, १२ आणि १४ गिगावॅट पवनऊर्जेवर चालवा. प्रत्येक वेळी दोन गोष्टी मोजा. वाढीव गिगावॅटमधली किती वीज वाया जाते? आणि तो वाढीव गिगावॅट किती भरवशाची क्षमता, म्हणजे हवी तेव्हा चालवता येणारी केंद्रं, वाचवतो? पहिला गिगावॅट कदाचित २५० मेगावॅट वाचवेल, बारावा जेमतेम ८०. हा उतरता जिना नियोजनाच्या मॉडेलला द्या. ‘किती घे’ हे तुम्ही सांगितलं नाही. ‘पुढच्या प्रत्येक पायरीची खरी किंमत काय’ एवढंच सांगितलंत. मग यंत्रणा कुठेही सरकली तरी तुमची माहिती खरी राहते. मी नव्या सहकाऱ्यांना हे सांगताना एकच वाक्य वापरतो: बिंदू पाठवू नका, उतार पाठवा.

हा जिना फक्त पवनऊर्जेवर अवलंबून नसतो. सौरऊर्जा आणि साठवण बदलली की तोही बदलतो. म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनी तो पुन्हा मोजावा लागतो. आणि एक काळजी: वारा, ऊन, नद्यांचं पाणी आणि मागणी या चारही मालिका एकाच वर्षाच्या हवामानातून घ्या. थंडीची लाट आली की मागणी वाढते आणि त्याच वेळी बऱ्याचदा वारा पडलेला असतो. २०१५ चा वारा आणि २०१८ ची मागणी एकत्र केली की हा संबंध तुटतो आणि कागदावर यंत्रणा आहे त्यापेक्षा भक्कम दिसते. एका वर्षावर थांबू नका. वाईट आठवडे दर वर्षी येत नाहीत.

आता अर्थव्यवस्था. तिच्याशी दुतर्फा जोडणी खरंच हवी का, हे आधी ठरवा. १९७७ मध्ये विल्यम होगन आणि ॲलन मान यांनी या प्रश्नावर हत्ती आणि सशाची उपमा दिली. हत्ती म्हणजे अर्थव्यवस्था, ससा म्हणजे ऊर्जाक्षेत्र, ज्याचा एकूण उत्पन्नातला वाटा तेव्हा पाच टक्क्यांच्या आसपास होता. दोघांचा एकत्र रस्सा केला तर चव हत्तीचीच लागणार. म्हणजे आर्थिक वाढ ऊर्जेची मागणी ठरवते, पण ऊर्जेच्या भावाने अर्थव्यवस्था फारशी हलत नाही. पण हे खरं ठरायला एक अट आहे: ऊर्जा महाग झाली तर तिच्या जागी भांडवल किंवा श्रम सहज वापरता यायला हवेत. ते अवघड असेल आणि ऊर्जेतली कपात मोठी असेल, तर ससा चांगलाच जाणवतो. म्हणून योजना लहान फरकांची असेल तर अर्थव्यवस्थेकडून मागणी घ्या आणि तिथेच थांबा. कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं असेल, किंवा देशाची बरीच कमाई इंधनाच्या निर्यातीतून येत असेल, तर परतीची वाट बांधावीच लागेल.

परतीच्या वाटेने जातो तो भाव. आणि इथे ‘भाव’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. नियोजनाचं मॉडेल देतं ती छायाकिंमत: मागणी एका एककाने वाढली तर एकूण खर्च किती वाढेल. अर्थव्यवस्थेच्या मॉडेलला हवी असते ग्राहकाने मोजलेली किंमत, म्हणजे सरासरी खर्च, त्यावर वितरणाचा खर्च, कर, अनुदान. तिसरी असते बाजारातली घाऊक किंमत. छायाकिंमत फार चंचल असते. क्षमता जास्त झाली की ती नुसत्या इंधनखर्चावर येते, कधी शून्यावर. क्षमता एका मेगावॅटने कमी पडली की त्या एका कालखंडावर नव्या केंद्राचा सगळा भांडवली खर्च लादला जातो. २०३० ला नगण्य, २०३५ ला पाचपट, २०४० ला पुन्हा नगण्य. ही मालिका जशीच्या तशी अर्थव्यवस्थेच्या मॉडेलला दिली तर ते उद्योग बंद करतं, पाच वर्षांनी पुन्हा उघडतं. मी स्वतः सरासरी पुरवठाखर्च पाठवतो, आधारवर्षातली (तुलनेसाठी धरलेल्या सुरुवातीच्या वर्षातली) कर-अनुदानाची रचना त्यावर चढवतो, आणि निरपेक्ष भाव न पाठवता आधारवर्षाच्या तुलनेत झालेला टक्केवारीतला बदल पाठवतो. दोन मॉडेलांचे आधारवर्षातले भाव कधीच तंतोतंत जुळत नाहीत; बदल पाठवल्याने तो जुना फरक प्रत्येक फेरीत नव्याने आत शिरत नाही.

व्हिएन्नाजवळच्या लक्सेनबर्ग इथल्या IIASA या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत मेसेज हे ऊर्जेचं मॉडेल मॅक्रो या छोट्या आर्थिक मॉडेलशी जोडलेलं आहे. मेसेज ऊर्जेचे भाव आणि पुरवठ्याचा एकूण खर्च देतं, मॅक्रो त्यावरून सुधारलेली मागणी परत देतं, आणि दोघांचं जुळेपर्यंत फेऱ्या चालतात. पाठवलेल्या राशी मोजक्या आहेत, हे लक्षात घ्या. तुमचीही यादी अशीच आखूड ठेवा. शंभर राशींची देवाणघेवाण करणारी जोडणी चालली तरी ती का चालते हे सांगता येत नाही.

फेऱ्या सुरू झाल्या की झोके येतील. भाव वाढला, मागणी घटली. मागणी घटली म्हणून महागडी केंद्रं रद्द झाली, भाव पडला. भाव पडला म्हणून मागणी पुन्हा चढली. दोन मॉडेलं पाळण्यासारखी झुलत राहतात. उपाय जुना आणि साधा आहे: नवी मागणी पूर्ण घेऊ नका, जुन्या आणि नव्याच्या मधली घ्या. अर्धी-अर्धी सरासरी बहुतेक वेळा पुरते, न पुरल्यास नव्याचा वाटा ३० टक्क्यांवर आणा.

कधी थांबायचं हे ठरवताना एकूण खर्चाकडे बघून फसू नका. तो आकडा लवकर स्थिरावतो, कारण जवळपास तेवढ्याच खर्चात बसणाऱ्या अनेक वेगवेगळ्या यंत्रणा असतात. खर्च पाव टक्क्याने हलत असताना पवनऊर्जा तीन गिगावॅटने हललेली मी पाहिली आहे. प्रत्येक क्षेत्राची मागणी आणि मुख्य तंत्रज्ञानांची क्षमता, दोन्ही एका फेरीत किती हलली तर चालेल याची मर्यादा वेगवेगळी ठरवा. शिवाय एकदा तरी अगदी वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करा, उदाहरणार्थ मागणी २० टक्के वाढवून, आणि शेवट तिथेच होतो का पाहा. झाला नाही, तर अहवालात एकच उत्तर म्हणून छापू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या योजनेत गॅसवर चालणारी केंद्रं भरपूर दिसतात, म्हणून हे सांगणं गरजेचं वाटतं. गॅसची वाहिनी आणि विजेची तार एकमेकांवर अवलंबून असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये कडाक्याच्या थंडीत गॅसच्या विहिरी आणि वीजसंच गोठले, वीज कमी पडली, आणि सुमारे २०,००० मेगावॅटचं भारनियमन करावं लागलं. त्या भारनियमनात गॅस काढणाऱ्या आणि तो दाबाने पुढे ढकलणाऱ्या काही ठिकाणांचीच वीज गेली, कारण त्यातली बरीच ठिकाणं अत्यावश्यक ग्राहक म्हणून नोंदलेली नव्हती. वीज गेली म्हणून गॅस घटला, गॅस घटला म्हणून आणखी वीज गेली. गॅसचा पुरवठा अमर्याद धरणाऱ्या कुठल्याही वीजमॉडेलला हे चक्र दिसू शकत नाही. हे जोडताना वेळेचा फरक सांभाळा: वीज त्याच क्षणी लागते, गॅस मात्र वाहिनीत दाबून काही तास साठवता येतो. त्यामुळे गॅसच्या मॉडेलला प्रत्येक केंद्राची ताशी मागणी द्या आणि त्याच्याकडून ‘एवढ्या तासांत एवढाच गॅस’ अशी मर्यादा परत घ्या.

पाणी आणि जमीनही कधीकधी अशीच जोडावी लागते. मॉरिशसवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उसापासून इथेनॉल करण्याची योजना हवामान, जमीन, ऊर्जा आणि पाणी अशा चारही अंगांनी एकत्र तपासली होती. पाऊस घटला तर उसाला पाणी द्यायला जास्त वीज लागते, ती वीज आयात कोळशावर झाली तर इथेनॉलचा फायदा त्यातच खर्ची पडू शकतो. नुसत्या ऊर्जेच्या मॉडेलमध्ये हे कुणाला दिसलं नसतं.

शेवटी, ज्यात सगळ्यात जास्त दिवस वाया जातात त्या गोष्टी. वायूचं उष्मांकमूल्य एकूण धरलं आहे (जळताना होणाऱ्या वाफेतली उष्णता धरून) की निव्वळ (ती सोडून)? नैसर्गिक वायूत दोन्हींमध्ये सुमारे १० टक्के फरक पडतो. एका मॉडेलने भाव एकूण मूल्यावर दिला आणि दुसऱ्याने केंद्राची कार्यक्षमता निव्वळ मूल्यावर धरली, तर गॅसच्या विजेचा इंधनखर्च विनाकारण सुमारे १० टक्के कमी दिसतो आणि सगळी निवड बदलते. पैसे कुठल्या वर्षाच्या स्थिर किमतीत? व्याजदर दोन्हीकडे एकच आहे का? लीप वर्षाच्या ८७८४ तासांतले जादा २४ कोण कापतं?

आणि घड्याळ. एका प्रकल्पात आमच्या तासागणिक मॉडेलने सांगितलं की साठवणीची जवळजवळ गरज नाही. तीन आठवडे आम्ही त्यावर लेखन केलं. मग एका कनिष्ठ सहकारिणीने जूनमधल्या एका दिवसाचा आलेख काढला आणि शांतपणे विचारलं, ‘सूर्य संध्याकाळी सात वाजता डोक्यावर कसा?’ सौरऊर्जेची मालिका जागतिक वेळेत होती, मागणीची स्थानिक वेळेत. सरकलेलं ऊन बरोबर संध्याकाळच्या कमाल मागणीवर पडत होतं, आणि म्हणून बॅटरी लागत नव्हती. वार्षिक बेरजा सगळ्या बरोबर होत्या; बेरजेत ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून कुठलीही दोन मॉडेलं जोडली की मी पहिल्याच दिवशी उन्हाळ्यातला एक आणि हिवाळ्यातला एक दिवस तासागणिक काढून, छापून भिंतीवर लावतो.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: मालकीचं कोष्टक, मग एककं आणि घड्याळ, मग फक्त २०४० हे एकच वर्ष घेऊन नियोजनाकडून तासागणिक मॉडेलकडे हाताने एक फेरी. पवनऊर्जेचा तो जिना चार बिंदूंवर काढा. अर्थव्यवस्थेला तोवर हात लावू नका. जिना मिळाला आणि नियोजनाच्या मॉडेलमध्ये घातल्यावर यंत्रणा कुठल्या दिशेने सरकली ते कळवा. साठवण वाढली की गॅस वाढला यावर पुढची पायरी वेगळी असेल.